भाकिताचे उत्तरदायित्व

उद्या काय घडेल हे सांगणाऱ्याला समाजात पूर्वापार मान मिळत आला आहे. पंचांग पाहून मुहूर्त काढणारा ज्योतिषी, मुंग्यांची रांग व वाऱ्याची दिशा पाहून पावसाचा ठोकताळा बांधणारा वृद्ध शेतकरी, हे सारे त्या मानाचे जुने वाटेकरी. आजच्या काळात त्यांच्या पंक्तीला एक नवा मनुष्य येऊन बसला आहे. तो पंचांग उघडत नाही, आलेख काढतो. त्यास विश्लेषक म्हणतात. कोणता धंदा वाढेल, कोणता बुडेल, हे तो दशांशचिन्हासह सांगतो. व्हिडिओ गेमचा उद्योग हे तर त्याचे फार आवडते क्षेत्र. कारण तेथे पैसा मोठा, बदल वेगवान आणि ऐकणाऱ्यांत तरुणांचा भरणा अधिक. या मनुष्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा काय, आणि ठेवावयाचा तर कोणत्या आधारावर, हा प्रश्न वरकरणी धंद्याचा दिसला तरी मुळात तो नीतीचा आहे, असे आम्हांस वाटते.

वर्तमानाविषयीचे विधान पडताळून पाहता येते. भविष्याविषयीचे विधान उच्चारले जाते त्या क्षणी ते खरेही नसते आणि खोटेही नसते. म्हणून ऐकणारा प्रत्यक्षात विधानावर विसंबत नाही. विधान करणाऱ्यावर विसंबतो. भाकीत ही एक हुंडी आहे. ती आज लिहिली जाते आणि पुढे वटवावी लागते. हुंडी न वटणे हा प्रत्येक वेळी गुन्हा नव्हे. सचोटीच्या पेढीवरही तसा प्रसंग येतो. परंतु हुंडी लिहून देणारा वटणावळीच्या दिवशी दुकानातच नसेल तर त्यास आपण काय म्हणू?

व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातीलच एक उदाहरण घेऊ. निन्टेन्डो या जपानी कंपनीने 2012 साली ‘वी यू’ नावाचे खेळयंत्र बाजारात आणले. एका आर्थिक वर्षात त्याची 90 लक्ष यंत्रे विकली जातील असा कंपनीचा स्वतःचा अंदाज होता. जानेवारी 2014 मध्ये तो अंदाज 28 लक्षांवर आणणे तिला भाग पडले. त्या वेळचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी पाच महिने आपले वेतन निम्मे घेण्याचे जाहीर केले. पुढे मार्च 2017 मध्ये त्याच कंपनीने ‘स्विच’ हे यंत्र आणले आणि त्याची विक्री 15 कोटींच्या पलीकडे गेली. स्मार्टफोन आल्यामुळे घरगुती खेळयंत्रांचा काळ संपला, असे सांगणारे त्या दशकाच्या आरंभी थोडे नव्हते. त्यांपैकी कितीजणांनी या आकड्यांनंतर आपले जुने शब्द काढून वाचकांपुढे ठेवले? इवाता यांचे भाकीत चुकले आणि त्यांनी त्याची किंमत स्वतःच्या पदरातून दिली. बाहेरून पाहणाऱ्यांचेही चुकले. पण त्यांना दमडीची तोशीस लागली नाही. चूक दोघांचीही होती; उत्तरदायित्व मात्र एकानेच मानले.

आपल्याकडेही याहून दूर जावयास नको. भारतातील ऑनलाइन खेळांच्या उद्योगाविषयी गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या वाढीचे अहवाल निघाले. या उद्योगाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा पैसे लावून खेळावयाच्या खेळांतून येत होता. मुंबईच्या ड्रीम स्पोर्ट्स या कंपनीचे मूल्य नोव्हेंबर 2021 मध्ये 8 अब्ज डॉलर धरले गेले. 1 ऑक्टोबर 2023 पासून अशा खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. ऑगस्ट 2025 मध्ये तर संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली, आणि काही दिवसांतच त्या कंपनीला आपल्या ‘ड्रीम इलेव्हन’वरील पैशाच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. संसदेच्या मनातले आधी ओळखावयास हवे होते, असे आम्ही म्हणत नाही. तो अन्याय ठरेल. पण ज्या धंद्याविषयी न्यायालयांत खटले चालले होते, राज्याराज्यांत निरनिराळे कायदे होत होते, त्याचे भवितव्य सांगताना ‘सरकारने परवानगी दिली तर’ एवढे चार शब्द आकड्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावयास कोणती अडचण होती?

येथे आम्हांस पुण्यात झालेल्या एका परीक्षेची आठवण होते. 2008 साली डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 200 कुंडल्या जमविल्या. त्यांतील 100 बुद्धिमान मुलांच्या व 100 बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या होत्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषास 40 कुंडल्या पाठवून कोणती कोणत्या मुलाची ते ओळखण्यास सांगितले. 51 ज्योतिषांनी तयारी दाखविली. उत्तरे 27 जणांची आली. त्यांच्या यशाचे सरासरी प्रमाण 46 टक्के भरले, म्हणजे नाणे उडवून जे साधते तेवढेही नाही. या निकालाने फलज्योतिषाचे काय राहिले ते वाचक जाणतातच. आमचे लक्ष वेधते ती दुसरी गोष्ट. त्या 27 जणांनी आपला दावा दुसऱ्याच्या तराजूत घालण्याचे धैर्य दाखविले. आपल्या मागील दहा वर्षांच्या भाकितांचा असा तराजू स्वतःहून मांडणारे विश्लेषक किती निघतील?

याच पुण्याशी जोडलेला दुसरा दाखला अधिक उजळ आहे. डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले सोळा घटकांचे प्रतिमान वापरून भारतीय हवामान विभाग 1988 पासून मान्सूनचे भाकीत करू लागला. 2002 साली सरासरीच्या 101 टक्के पाऊस पडेल असे सांगितले गेले. प्रत्यक्षात 81 टक्के पडला. देशभर दुष्काळ पडला आणि विभागावर टीकेचा भडिमार झाला. विभागाने ती पद्धत तपासली आणि पुढच्याच वर्षी नवी प्रतिमाने आणली. 2009 साली पुन्हा मोठी चूक झाली. भाकीत 93 टक्क्यांचे होते, पाऊस 78 टक्के. तरीही प्रत्येक भाकिताबरोबर संभाव्य चुकीची मर्यादा छापावयाची आणि हंगाम संपला की सांगितलेला व पडलेला पाऊस शेजारी शेजारी मांडावयाचा, ही शिस्त विभागाने सोडलेली नाही. या विभागाची थट्टा घरोघर होते. पण थट्टा करता येते याचे कारण हेच की त्याची चूक त्याच्याच कागदावर सापडते.

बालाघाटात बसून लिहिताना हा भेद आम्हांस केवळ तात्त्विक वाटत नाही. वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा. 1956 पूर्वी आमची राजधानी नागपूर होती; आज भोपाळ आहे; धान मात्र तेच आहे. येथील चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोकणात व गोमंतकात जिला लावणी म्हणतात तिला आमच्याकडे रोवणी म्हणतात. पण आकाशाकडे लागलेली नजर दोन्हीकडे सारखीच. पऱ्हे आज टाकावेत की आठ दिवस थांबावे, एवढ्या एका निर्णयावर लहान शेतकऱ्याचे वर्ष उभे असते. पाऊस रुसला तर बांधीत वाळणारे पऱ्हे त्याचे असतात, भाकीत करणाराचे नव्हेत. जो दुसऱ्याच्या बांधीवर बोलतो, त्याने आपल्या शब्दाची मर्यादा सांगितलीच पाहिजे. याच जिल्ह्यातील एखादा तरुण खेळ बनविण्याचे शिक्षण घेण्यासाठी एखाद्या अहवालातील आकडा वडिलांपुढे ठेवतो आणि वडील शेताचा तुकडा विकावा की काय या विचारात पडतात, तेव्हा त्या आकड्याचे वजनही पऱ्ह्यांइतकेच असते.

यावर असे म्हटले जाईल की, प्रत्येक वाक्यास ‘कदाचित’ची शेपटी लावली तर भाकिताचा उपयोगच काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. सर्वच शक्यता सांगणारा काहीच सांगत नाही; तो केवळ आपली सुटका करून घेतो. आम्हांस हवी ती संदिग्धता नव्हे, माप आहे. ‘पाऊस पडेल किंवा पडणार नाही’ हे पळवाटीचे वाक्य. ‘दहांपैकी सात वेळा पडेल’ हे प्रामाणिक वाक्य, कारण त्याचा पुढे हिशेब करता येतो.

दुसरा वाटा ऐकणाऱ्यांचा आहे. अमेरिकेतील फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने सुमारे दोन दशके 284 तज्ज्ञांची भाकिते जमवून तपासली व 2005 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर अधिक मागणी, त्यांची भाकिते इतरांहून सरस नव्हती. उलट काहीशी उणीच होती. याचा दोष केवळ तज्ज्ञांना देता येत नाही. ठामपणे बोलणाऱ्याभोवती गर्दी करणारे आपणच, आणि ‘मला इतकेच सांगता येते’ म्हणणाऱ्याला बिनकामाचा ठरविणारेही आपणच. ज्या बाजारात खात्रीलाच गिऱ्हाईक असते, तेथे खोटी खात्री तयार होणारच.

म्हणून विश्वास ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात असे आम्ही सुचवितो. हा मनुष्य आपल्या अंदाजाबरोबर चुकीचे माप सांगतो काय? मागचे अंदाज तो स्वतः उघडे ठेवतो काय? आणि भाकीत खरे ठरले तर त्यात त्याचा लाभ किती, हे तो आधी सांगतो काय? तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व कायद्यानेही ओळखले आहे. सेबीच्या 2014 च्या नियमांनुसार रोख्यांविषयी मत देणाऱ्या विश्लेषकास आपले आर्थिक हितसंबंध प्रकट करावे लागतात. पहिल्या दोन प्रश्नांसाठी कायदा पुरेल असे वाटत नाही. ते वाचकाने विचारावयाचे आहेत, आणि उत्तर न मिळाल्यास अहवाल मिटवून ठेवावयाचा आहे.