जिवाणी

पाणी गाळून झालं की आई गाळणीचा कपडा झटकत नसे. गाळलेलंच पाणी त्यावर उलट बाजूनं ओतून ती ते भांड्यात धरायची, भांडं दोरीनं विहिरीच्या पाण्याला टेकेपर्यंत सोडायची आणि अलगद कलंडवायची. वरून ओतलं तर जिवांना मार बसतो, म्हणायची. याला आम्ही जिवाणी म्हणतो. शिरोळ तालुक्यातलं आमचं जैन शेतकऱ्याचं घर. त्याच विहिरीवर आमचा ऊस.

त्या उसाच्या लागणीला आण्णा सरीत गॅमेक्झिन हे कीडनाशक टाकत. तोंडाला पंचा, काखेत घमेलं, मुठीमुठीनं भुकटी. कुबट वास हाताला दोन दिवस राहायचा. एका वर्षी हुमणीच्या अळीनं मुळ्या खाऊन फड वाळवला होता, ऊस नुसता ओढला तरी हातात येई. संध्याकाळी आण्णा प्रतिक्रमणाला बसत आणि मातीतल्या जिवांची मनापासून क्षमा मागत. शेतीतली हिंसा उद्योगी, ती संसाऱ्याला टळत नाही. संकल्पी मात्र वर्ज्य, असं आमचं शास्त्र सांगतं. मग मारायच्याच बेतानं टाकलेली मूठ कुठल्या खात्यात धरायची? आण्णांना मी हे विचारायला हवं होतं.

त्या भुकटीत कीड मारणारा गॅमा भाग शंभरात दहा-पंधराच. उरलेली मातीत वर्षानुवर्षं पडून राहायची. १९९७ला तिच्यावर बंदी आली.

त्याआधीच, १९९०मध्ये, कटकच्या शास्त्रज्ञांनी उसाच्याच मुळांभोवतीच्या मातीतून एक जिवाणू वेगळा काढला होता. पुढं त्याला स्फिंगोबियम इंडिकम हे नाव मिळालं. गॅमेक्झिनचा रेणू म्हणजे सहा कार्बनचं कडं, प्रत्येकाला एकेक क्लोरीन. या जिवाणूची विकरं ते क्लोरीन सोडवत जातात आणि उरलेल्यावर तो पोट भरतो. तो वाढवून विषारी मातीत सोडूनही पाहिला गेला आहे.

हे प्रथम वाचलं तेव्हा आण्णांचं पाप कुणीतरी फेडलं, असं वाटून मला भरून आलं. पण निर्जरा ज्याची त्यानं करायची असते, दुसऱ्याच्या तपानं आपलं कर्म झडत नाही. जिवाणूनं आपल्याला क्षमा केलेली नाही, त्याला भूक होती. असे जिवाणू मातीत जरूर सोडावेत, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. मात्र माती निवळली म्हणून आपण निवळलो, असं मी धरणार नाही.

आता वळीव झाला की हुमणीचे भुंगेरे रात्री बांधावरच्या बाभळीवर येतात. यंदा फांद्या हलवल्या, खाली पडले ते वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकले. बॅटरीच्या उजेडात त्यांचे पाय बराच वेळ हलत होते. हे संकल्पीच, दुसरं नाव मला देता येत नाही. घरी येऊन प्रतिक्रमणाला बसलो, तर ते पाय डोळ्यांपुढून जाईनात.