कैवारी आणि दोष देणारा



"फादर, माझ्याच्याने नाही होणार." रविवारच्या मिस्सात पहिले वाचन कराल का, असे विचारले की हे उत्तर ठरलेले. कुमसारात काय ऐकतो ते सांगण्याची सोय नाही. पण कुमसाराबाहेर, अंगणात, आजाऱ्याच्या खाटेजवळ माणसे स्वतःबद्दल जे बोलतात ते वैऱ्याबद्दलही कोणी बोलणार नाही. 'मी अडाणी.' 'मी घराला ओझे.' 'देव तरी माझे का ऐकेल?' आणि पुष्कळांना वाटते, हीच ख्रिस्ती नम्रता.

प्रश्न खरा आहे. दर मिस्सात कम्युनियनपूर्वी आपण शताधिपतीच्या शब्दांत आपली योग्यता नसल्याचे कबूल करतो. मग स्वतःला नालायक म्हणणाऱ्याचे चुकले कुठे?

माझ्या मते फरक शब्दांत नाही. ते कोणाला उद्देशून आहेत, यात आहे. शताधिपती प्रभूशी बोलतो, आणि अयोग्यता सांगून थांबत नाही, आपल्या चाकरासाठी मागणे मागतो. स्वतःला टोचणारा मात्र स्वतःशीच बोलत असतो. फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच, आरोपीही तोच. त्या कोर्टात देवाला साक्षीलासुद्धा बोलावलेले नसते. 'सैतान' या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थच विरोधक, आरोप करणारा. प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायात तो बांधवांना रात्रंदिवस दोष देतो. उलट योहानच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला कैवारी म्हटले आहे. पवित्र आत्माही पापाची जाणीव करून देतो, पण तो नेमके बोट ठेवतो: काल भावाशी खोटे बोललास, जा, समेट कर. दोष देणारा म्हणतो, तू आहेसच खोटा. पहिल्यावर काही करता येते. दुसऱ्यावर काय करणार?

संत इग्नेशियस लोयोला यातून गेले होते. १५२२ साली मान्रेसा येथे, सविस्तर कुमसार करूनही, जुनी पापे सांगायची राहून गेली या विचाराने त्यांना घेरले. पुन्हा पुन्हा कुमसार, दिवसाला सात तास प्रार्थना, आठवडाभर कडक उपास, शांती नाही. जीव द्यावा असेही मनात येई. त्यांच्या धर्मगुरूंनी तो उपास मोडायला लावला. हा आवाज देवाकडे नेत नाही, हे अखेर त्यांच्या ध्यानी आले आणि जुनी पापे पुन्हा न उगाळण्याचा त्यांनी निश्चय केला. पुढे त्यांनी लिहून ठेवले की देवाच्या वाटेवर असणाऱ्याच्या मनात चांगला आत्मा स्पंजावर थेंब पडावा तसा हळुवार येतो, आणि वाईट आत्मा दगडावर पाणी आदळावे तसा.

संत थॉमस अक्वायनस तर मनाच्या या कोतेपणाला सरळ पाप म्हणतात. उदाहरण देतात ते धन्याचा पैसा जमिनीत पुरणाऱ्या दासाचे. त्याने चोरी केली नव्हती. तो भ्याला होता. (हे वाचून कोणी आपल्या पापांच्या यादीत आणखी एकाची भर घालू नये!)

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. झोप उडाली आहे, अन्न जात नाही, जीव नकोसा वाटतो, असे होत असेल तर डॉक्टरांकडे जा, उशीर करू नका. नैराश्य हा आजार आहे, श्रद्धा कमी पडल्याची खूण नव्हे. मधुमेहाची गोळी घेताना आपण लाजतो का? सोबत हवी असेल तर मला हाक मारा, मी येईन.

इग्नेशियस यांचा आणखी एक नियम आहे: मन काळवंडलेले असताना आधी केलेला चांगला निश्चय बदलू नये. वाचनासाठी नाव देऊन शनिवारी रात्री 'जमणार नाही' असा निरोप पाठवणाऱ्यांनी तो पाठवू नये. शब्द अडत असतील तर मिस्साआधी दहा मिनिटे सॅक्रिस्टीत या, एकत्र वाचू. पुढच्या महिन्याची यादी दाराजवळच्या फलकावर लावली आहे. तिसऱ्या रविवारची जागा अजून रिकामी आहे.