पाहुणा की मालक?

मे महिना लागला की आपल्या धर्मग्रामात सहलींचे बेत सुरू होतात. कोणी वेलंकनीला जातो, कोणी गोव्याला, तर ज्यांची मुले परदेशी आहेत ते त्याहून लांब. सुट्टीवरून परतलेली मंडळी रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात भेटतात, तेव्हा एक वाक्य हमखास कानांवर पडते : "जागा छान आहे हो, पण आता पूर्वीसारखी राहिली नाही!" मीही हे वाक्य पुष्कळदा बोललो आहे. त्यात थोडी हळहळ असते आणि 'आम्ही ती चांगली असताना पाहिली' असा थोडा अभिमानही असतो. मात्र या साध्या वाक्याच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. तो मला एका लहानशा बेटाने विचारला.

त्या बेटाचे नाव बोराकाय. फिलिपाइन्स देशातील अक्लान प्रांतात, पनाय या मोठ्या बेटाच्या टोकाला ते आहे. लांबी सुमारे सात किलोमीटर आणि सगळे क्षेत्रफळ जेमतेम दहा चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्याकडची चार-पाच गावे एकत्र केली तर तेवढी जागा होईल.

१९८६ साली मी बोटीवर नोकरीला होतो. आमची बोट दुरुस्तीसाठी मनिला बंदरात थांबली होती. माझ्या केबिनमधला फिलिपिनो सोबती पनायचा. तो मला आठवडाभरासाठी आपल्या घरी घेऊन गेला आणि तेथून बोराकायला. दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या असलेल्या होडीतून आम्ही खाडी ओलांडली. धक्का नव्हता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यातूनच किनाऱ्यावर उतरलो. चार किलोमीटर लांब पांढरीशुभ्र वाळू, मागे माडांची रांग आणि झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्या. वीज नव्हती. रात्री रॉकेलचे कंदील लागायचे. बेटाच्या उत्तर टोकाला पुका नावाच्या शिंपल्यांचा किनारा होता. त्या शिंपल्यांच्या माळा तेव्हा जगभर विकल्या जात. मी मूठभर शिंपले गोळा केले आणि चार माळा विकत घेतल्या. बोटीवर परतल्यावर महिनाभर मी एकच गोष्ट सांगत होतो : "पृथ्वीवर एदेन बाग पाहायची असेल तर बोराकायला जा!"

माझ्यासारखे सांगणारे पुष्कळ होते, आणि ऐकणारे गेले. झोपड्यांची हॉटेले झाली, हॉटेलांवर मजले चढले. १९९७ साली समुद्राच्या पाण्यात मैल्यातील जंतू सापडल्याची बातमी आली आणि काही काळ गर्दी ओसरली. लोक विसरले आणि गर्दी पुन्हा वाढली. २०१७ साली वीस लाखांच्या आसपास पर्यटक त्या दहा चौरस किलोमीटरांवर येऊन गेले. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेल्या गटारांना कित्येकांनी आपले सांडपाणी जोडले होते. पाणथळ जागा बुजवून त्यांवर बांधकामे उभी राहिली होती. उन्हाळ्यात किनाऱ्याला हिरव्या शेवाळाचा पट्टा लागे. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनीच बोराकायला 'मैलाकुंडी' म्हटले, आणि २६ एप्रिलपासून २६ ऑक्टोबरपर्यंत पूर्ण सहा महिने बेट पर्यटकांसाठी बंद ठेवले.

ही बातमी वाचून मला जुन्या कराराची आठवण झाली. लेवीय पुस्तकात परमेश्वर जमिनीलाही शब्बाथ देतो : सहा वर्षे पेरणी, सातव्या वर्षी विसावा. पुढे तो बजावतो की, तुम्ही जमिनीला विसावा दिला नाही, तर तुम्ही देशोधडीला लागाल तेव्हा ती आपला राहिलेला विसावा वसूल करील. बोराकायचे ते सहा महिने म्हणजे असा वसूल केलेला शब्बाथच होता.

मात्र येथे थांबलो तर आपण अर्धेच सत्य सांगितले असे होईल. हा विसावा कोणाच्या खर्चाने झाला? बेटावरील सुमारे ३६,००० लोकांच्या रोजगारावर गदा येईल, असा त्या वेळचा अंदाज होता. खोल्या झाडणाऱ्या बाया, होडीवाले, शहाळी विकणारे, किनाऱ्यावर मालिश करणाऱ्या स्त्रिया यांनी गटारे जोडली नव्हती. मोठ्या हॉटेलवाल्याचे सहा महिने नुकसानीत गेले, पण रोजंदारीवाल्याच्या घरी चूलच थंडावली. पाप सगळ्यांनी वाटून केले होते, प्रायश्चित्त मात्र गरिबांच्या वाट्याला अधिक आले. निसर्गाला न्याय देताना माणसाला अन्याय होत असेल, तर तो शब्बाथ अपुराच म्हणावा लागेल. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लौदातो सी' या परिपत्रकात हीच गोष्ट मांडली : पृथ्वीचे दुःख आणि गरिबांचे दुःख वेगळे काढता येत नाही. त्याच परिपत्रकात प्रवाळांच्या नाशाविषयी बोलताना त्यांनी फिलिपाइन्सच्या बिशपांच्या १९८८ सालच्या पत्राचा आधार घेतला आहे. म्हणजे तेथील ख्रिस्तसभेने तीस वर्षे आधीच घंटा वाजवली होती.

२०१९ मध्ये, निवृत्तीनंतर, मी पुन्हा बोराकायला गेलो. पाणी पुन्हा नितळ झाले होते. किनाऱ्यावर दारू आणि सिगारेटला बंदी होती. एका वेळी १९,२१५ हून अधिक पर्यटक बेटावर नसावेत, अशी मर्यादा सरकारने ठरवून दिली होती. तरीही मी माझ्या जुन्या सोबत्याला म्हणालो, "पूर्वीसारखे राहिले नाही रे!" तो हसला. म्हणाला, "तुला कंदील आवडला, कारण तुला त्याच्या उजेडात चार रात्री काढायच्या होत्या. माझ्या बहिणीने त्याच उजेडात अभ्यास केला आणि नापास झाली. तिची मुलगी आज नर्स आहे, ती या हॉटेलांच्या पगारावर शिकली म्हणून." मी गप्प झालो. ज्या गरिबीला मी एदेन बाग म्हणत होतो, ती कोणाची तरी अडचण होती. कोणत्याही गावाने आपल्या आठवणींसाठी मागास राहावे, असे म्हणण्याचा अधिकार पाहुण्याला नाही.

मग त्यानेच मला आणखी एक गोष्ट सांगितली. बोराकायचे मूळ रहिवासी आती नावाचे आदिवासी. मी १९८६ साली आलो तेव्हाही ते तेथे होते, पण माझ्या एकाही आठवणीत ते नाहीत. मी माड पाहिले, शिंपले पाहिले, पण माणसे पाहिली नाहीत. बेटाचा भाव वाढत गेला तसे ते एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ढकलले गेले. पवित्र रोझरीच्या माउलीला वाहिलेले तेथील चर्च आणि डॉटर्स ऑफ चॅरिटी संस्थेच्या धर्मभगिनी त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. बऱ्याच खटपटीनंतर त्यांना सुमारे दोन हेक्टर जमिनीवर वडिलोपार्जित हक्काचा दाखला मिळाला. हजार हेक्टरांच्या बेटावर दोन हेक्टर! तेही सुखासुखी नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांच्या एका तरुण पुढाऱ्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. २०१८ मध्ये सरकारने त्यांतील काही कुटुंबांना आणखी जमीन दिली, पण तिच्यावरूनही पुढे वाद उभा राहिला.

येथे नाबोथाचा द्राक्षमळा आठवल्यावाचून राहत नाही. अहाब राजालाही तो मळा मनापासून आवडला होता. त्याने बदल्यात दुसरा मळा देऊ केला, पैसे देऊ केले. नाबोथ म्हणाला, ही माझ्या पूर्वजांची ठेव आहे. अहाबाला मळा दिसला, ठेव दिसली नाही. पुढे ईजबेलने काय केले आणि एलिया संदेष्टा काय बोलला, ते आपण जाणतोच. आवड असणे हे पाप नव्हे. 'मला आवडले, म्हणून ते माझ्यासाठी आहे' या विचारापासून अहाबाची वाट सुरू होते.

म्हणून 'पूर्वीसारखे राहिले नाही' असे म्हणताना स्वतःला विचारावे : पूर्वीसारखे म्हणजे कोणाच्या पूर्वीसारखे? मी आलो त्या दिवसासारखे, की माझ्या आधी जे तेथे होते त्यांच्या दिवसांसारखे? बेट बिघडवणारे सगळे माझ्या नंतर आले, असे मला वाटत होते. आतींच्या हिशेबात मात्र बिघडवणाऱ्यांच्या रांगेत मीही उभा आहे, फक्त जरा पुढच्या बाजूला.

सरकारी मर्यादेने सर्व काही सुटते असेही नाही. २०२२ च्या पवित्र आठवड्यात, आणि तेही गुड फ्रायडेच्या दिवशी, बोराकायवर २२,००० हून अधिक पर्यटक होते. मर्यादा ओलांडणाऱ्यांत बहुसंख्य आपल्याच श्रद्धेचे लोक असणार. त्यांतला प्रत्येक जण म्हणाला असेल, 'माझ्या एकट्याने काय फरक पडतो?' नियम दारावर उभा राहू शकतो, अंतःकरणात उभी राहते ती विवेकबुद्धी.

ही परदेशातील गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. बोराकाय बंद होते त्याच २०१८ च्या जुलैमध्ये आपली वसई दिवसचे दिवस पाण्याखाली होती. आपल्या वाडवडिलांनी राखलेली बावखले कोणी बुजवली? बाहेरून आलेल्या बिल्डरने, हे खरे. पण सातबाऱ्यावर सही कोणाची होती? आपल्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी मुंबईकर येऊन बाटल्या टाकून जातात, तेव्हा आपण संतापतो. मेमध्ये आपणच कोणाच्या तरी किनाऱ्यावर जातो, तेव्हा तेथील माणूस आपल्याविषयी काय म्हणत असेल? एका गावी आपण नाबोथ असतो आणि दुसऱ्या गावी अहाब.

परमेश्वराने इस्राएल लोकांना जमीन दिली तेव्हाच सांगितले होते की, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उतरलेले पाहुणे आहात. पाहुण्याचा धर्म आपल्याला आजीने शिकवलेला आहे : यजमानाची विचारपूस करावी, पानात वाढलेले टाकू नये, त्याच्या विहिरीत घाण करू नये आणि वेळेवर निघावे. यंदाच्या सुट्टीत बॅग भरताना एवढे सोबत घेऊ या. जेथे जाऊ तेथील निदान एका माणसाचे नाव विचारून घेऊ आणि त्याची गोष्ट ऐकू.

माझ्याकडे त्या चार माळांपैकी एक अजून आहे. पूर्वी मी ती बोराकायची आठवण म्हणून दाखवत असे. आता ती देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला टांगलेली आहे. संध्याकाळी रोझरी म्हणताना तिच्याकडे लक्ष जाते आणि मी न पाहिलेल्या त्या माणसांसाठी एक 'नमो मारिया' अधिक म्हणतो.