नाव तेच, माणूस वेगळा

बीड जिल्ह्यात सिद्धार्थ जाधव नावाचा मुलगा सापडणं अवघड नाही. १९५६च्या धर्मांतरानंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल ही नावं घराघरांत रुजली आणि जाधव तर आपल्याकडे गावोगाव आहेत. असा एखादा मुलगा एकांकिका स्पर्धा गाजवून नट व्हायचं ठरवतो, तिथून त्याची परीक्षा सुरू होते. कारण याच नावाचा बडा विनोदी नट मराठीत आधीच आहे. निवेदकानं नाव पुकारलं की मंडपात आधी हशा पिकतो. मोबाइलवर त्याचं नाव शोधावं, तर पडदाभर दुसराच चेहरा. मग जाणती माणसं सांगतात, ‘नाव बदल.’

हा सल्ला बाहेर रुळलेला आहे. हॉलिवूडचा मायकेल कीटन मूळचा मायकेल डग्लस. नटांच्या संघटनेत त्या नावाचा सभासद आधीच होता, म्हणून त्याला दुसरं नाव घ्यावं लागलं. आपल्या हिंदी सिनेमात आलिया अडवाणीची कियारा झाली, कारण तोवर आलिया भट घरोघर पोचली होती. तरी मला हा सल्ला पटत नाही. ज्या आजोबांनी हौसेनं, अभिमानानं नातवाचं नाव सिद्धार्थ ठेवलं, त्यांना काय सांगायचं?

मराठीत दोन सोनाली कुलकर्णी आहेत. थोरलीनं ‘दोघी’, ‘दिल चाहता है’, ‘देवराई’ अशा चित्रपटांतून नाव कमावलेलं होतं. धाकटी २००७ साली ‘बकुळा नामदेव घोटाळे’तून आली. इंग्रजीत तिनं नावाच्या शेवटी दोन ‘ई’ लावले, पण मराठी पोस्टरवर दोघींची अक्षरं तीच. गुंता सुटला तो २०१०च्या पहिल्याच दिवशी आलेल्या ‘नटरंग’नं. ‘अप्सरा आली’ गावोगावच्या स्पीकरवर वाजू लागलं आणि कुठली सोनाली हे विचारायची गरज उरली नाही. अर्थात, नावाची अडचण पुसून टाकणारा ‘नटरंग’ प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. केज-धारूरहून एसटीनं पुण्या-मुंबईला ऑडिशनसाठी जाणाऱ्या मुलाला तर पहिली संधी मिळेपर्यंतच दम निघतो.

मोठं नाव लाभणं हेही ओझंच. सौदागर नागनाथ गोरे हा मुलगा बालमोहन नाटक मंडळीत गाऊ लागला आणि ‘छोटा गंधर्व’ झाला. बालगंधर्व हयात असताना ‘छोटा’ म्हणवून घेत रंगभूमीवर उभं राहायचं! त्यांनी ते नाव जन्मभर निभावलं, ‘सुवर्णतुला’ला संगीत दिलं, आणि बंदिशी बांधताना ‘गुणरंग’ ही स्वतःची मुद्रा घेतली. मला हे फार मोलाचं वाटतं.

आपल्या लोककलावंतांनी तर यावर कधीच तोड काढली आहे. विठाबाई नारायणगावकर, यमुनाबाई वाईकर, गुलाबबाई संगमनेरकर. नाव घरचं ठेवलं आणि पुढे गाव जोडलं. सिद्धार्थ जाधव माजलगावकर म्हणायला काय हरकत आहे? यात आईबापानं दिलेलं काही टाकावं लागत नाही, उलट गावाची मान उंचावते.

पण हे एकट्या कलावंतावर सोडू नये. यात्रा कमिटीनं गर्दी खेचायला नुसतं ‘सिद्धार्थ जाधव’ मोठ्या अक्षरांत छापलं, तर फसल्याचा राग निघतो तो मंचावरच्या पोरावर. पत्रकावर त्याचा फोटो हवा, गाव हवं, त्यानं आजवर केलेलं काम हवं. आणि निवेदकानं पहिल्या वाक्यातच त्या बड्या नटाची आठवण काढू नये. पोराला आधी त्याचा प्रवेश करू द्यावा.