अपरिग्रह आणि माळ्यावरील विणकामयंत्र

अपरिग्रहाचा उपदेश मोठ्या संपत्तीच्या बाबतीत समजण्यास सोपा असतो. घरातील एखाद्या जुन्या वस्तूपुढे मात्र तो अवघड होतो. पुष्कळ घरांत उपस्थित होऊ शकेल असा एक प्रसंग घेऊ. माळ्यावर जपानच्या ब्रदर कंपनीचे हाताने चालवावयाचे विणकामयंत्र आहे. सासूबाईंनी त्यावर साऱ्या कुटुंबाची लोकरी वस्त्रे विणली. आता सून ते पुन्हा चालवू इच्छिते. घरातील वडील म्हणतात, "लुधियानाचा स्वेटर बाजारात मिळतो. ही कंपनी अशी यंत्रे करीतही नाही. जुन्याचा हा मोह कशाला? भंगारात द्या." मोहाचा आरोप खरा कोणावर लागू पडतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

या जातीच्या नेहमीच्या यंत्रात साडेचार मिलिमीटरच्या अंतराने 200 सुया ओळीने मांडलेल्या असतात. प्रत्येक सुईला आकडा आणि उघडझाप करणारी इवलीशी जीभ असते. वरून कॅरेज सरकविली की सुया पुढे येतात, नवा धागा धरतात आणि जुना टाका मागे सोडतात. (आपल्या शास्त्रग्रंथांतील 'ओतप्रोत' हा शब्द मागावरच्या आडव्याउभ्या धाग्यांचा, येथे आडवा धागा एकच आणि त्याचा प्रत्येक फास आधीच्या फासात अडकलेला. म्हणून हा शब्द या वस्त्रास लागत नाही, हे भाषांतरकाराच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.) एक टाका सुटला की त्याखालचे टाके ओळीने उसवत जातात.

अनेक वर्षे पडून राहिलेल्या यंत्राचे दोष बहुधा दोनच. जुने तेल घट्ट होऊन डिंकासारखे चिकटते व कॅरेज अडते. आणि सुयांना वरून दाबून धरणाऱ्या पट्टीतील स्पंज चपटा होतो किंवा त्याचा भुगा होतो. मग सुया वर उचलल्या जातात, टाके सुटतात, कॅरेज त्यांवर आदळते. अशा वेळी जोर लावणारा मनुष्य सुया वाकवितो आणि दोष यंत्राला देतो. उपाय साधा आहे: पट्टी ओढून काढावी, जुना स्पंज खरवडून नवा बसवावा, सुया स्पिरिटने पुसाव्यात, वाकलेल्या बदलाव्यात, हलक्या तेलाचा थेंबच द्यावा. अधिक तेल लोकरीवर डाग पाडते.

आता मूळ प्रश्न. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. केवळ कष्ट पडतात, शरीरास त्रास होतो, म्हणून कर्म सोडणे हा राजस त्याग होय. त्याला त्यागाचे फळ नाही. स्पंज बदलण्याचा कंटाळा आला म्हणून यंत्र भंगारात घालणारा स्वतःस अपरिग्रही म्हणवितो, तेव्हा तो नेमके हेच करीत असतो. शिवाय उद्या तो दुसरे काही विकत आणणारच! आळसाला वैराग्याचे नाव दिल्याने घरातील वस्तू कमी होत नाहीत. त्या फक्त बदलत राहतात.

तथापि सुनेचा पक्षही निर्दोष समजू नये. सासूबाईंची आठवण म्हणून यंत्र झाकून ठेवणे, त्यावर एक ओळही न विणणे, शेजारणीने मागितले तर नाकारणे, ही आसक्तीच.

यंत्रद्वेषाविषयीही दोन शब्द. विल्यम ली याने 1589 मध्ये इंग्लंडात मोजे विणण्याची चौकट तयार केली. पुढे 1811 मध्ये नॉटिंगहॅमशायरच्या कारागिरांनी अशा चौकटी फोडल्या. त्यांतील पुष्कळ जण स्वतः त्याच चौकटींवर पोट भरीत होते. त्यांचा रोष पडलेल्या मजुरीवर आणि हलक्या मालावर होता. लोखंडाशी त्यांचे वैर नव्हते.

सुनेने हिवाळ्यापूर्वी विणावे. हात थकले, घरात कोणी शिकू इच्छिणारे नसले, तर यंत्र जो चालवील त्याच्या हवाली करावे. आणि देताना वजने, जादा सुया व सूचनांची पुस्तिका एकत्र बांधून द्यावी, कारण त्यावाचून घेणाऱ्यास पहिली ओळ चढविणेही कठीण जाते.