मिसरीची दहा मिनिटं

मंचरच्या बाजूला आमचं गाव. आजी तव्यावर तंबाखू भाजायला बसली की अख्ख्या आळीला ठसका. काळी पडली की चुरायची, डबीत भरायची आणि दिवसातून चार-पाच वेळा बोटानं दातांना लावायची. पुरुष चारचौघांत चुना घालून तंबाखू मळतात. बायकांना दात घासायचं निमित्त लागतं.

‘परंपरा आहे’ हे मला पटत नाही. तंबाखू मूळची अमेरिकेतली, पोर्तुगिजांबरोबर इकडे आली. शेजारच्या जुन्नरचा शिवनेरी तिच्यापेक्षा कितीतरी जुना! धोक्याबद्दलही वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था बिनधुराच्या तंबाखूला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते. मुंबईतल्या गरोदर बायकांवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. अशी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. म्हणजे आमच्याकडचा एक मध्यम कांदा.

वहिनीला सहावा महिना होता, आणि डबी तिच्याकडेही होती. मी हे सगळं मोबाइलवरून आजीला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं.

“खरं आसंल बाय. पण तोंडात मिसरी आसली का मला कोन काय इचारीत नाय. बोलताच येत न्हाई ना. तेवढा येळ माझा.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. मला कंटाळा आला की मी कानात हेडफोन घालते, कुणाची परवानगी लागत नाही. आजीला तिच्या सासूनं दाढ दुखते म्हणून चौदाव्या वर्षी डबी दिली. त्याला तिची निवड म्हणायचं का? आता या वयात तिच्या हातातून ती काढून घ्यायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. पण पोटातल्या बाळाला तर कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून वहिनीच्या मागे लागले. चिडचिड झाली, डोकं दुखलं, पण तिनं सोडली.

मग कांद्याची लागण आली. दुपारी बायका बांधावर टेकल्या, डब्या उघडल्या. वहिनीही टेकली, रिकाम्या हातानं.

“तू का गं बसलीस?” मालकानं लांबूनच हाक मारली. “तुला कुठं मिसरी लावायचीय?”

वहिनी उठली आणि वाफ्यात उतरली.