मऊ पाठीवरचा भार

पांडुरंगा, तुझ्या पायाशी वाहणाऱ्या नदीतल्या एका जिवासाठी आज मागायला आले आहे. स्वतःसाठी पुष्कळ मागितले, तू पुष्कळ दिलेस. आज त्याच्यासाठी ऐक.

हे कासव तू फक्त भारतात ठेवलेस. तेही दख्खनच्या पाण्यात: गोदावरीत, कृष्णेत, भीमेत, तुंगभद्रेत आणि खाली कावेरीच्या खोऱ्यात. साऱ्या पृथ्वीवर त्याला दुसरे घर नाही. जाणकार त्याला लीथचे मृदुकवची कासव म्हणतात. १८७२ साली जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली, तीही मूळ ठिकाण म्हणून आमच्या पुण्याचे नाव लिहून. तू मात्र त्याला त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखतोस. आम्ही कालचे रे, देवा. नदीही आमच्या आधीची, कासवही आमच्या आधीचे.

किती निगुतीने घडवलेस त्याला! पाठीवर कठीण खवले नाहीत. कातडीने मढवलेली सपाट, मऊ पाठ दिलीस, दोन फुटांपर्यंत वाढणारी. नाकाची नळी लांब ठेवलीस, म्हणजे अंग गाळात पुरून घेतले तरी टोक तेवढे वर काढून श्वास घेता यावा. पाण्याखाली कातडीतूनही थोडा प्राणवायू मिळावा, ही सोय केलीस. पिलांच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके काढलेस, वय वाढेल तसे पुसट होणारे. गाळात दडलेल्या, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या जिवावरही तू एवढी नक्षी केलीस. तुझे उपकार कसे मोजू? मोजता येत नाहीत, म्हणून नुसते हात जोडते.

एकदा तूच कूर्म झालास. मंदराचा भार पाठीवर घेतलास आणि हललाही नाहीस. पण देवा, याची पाठ मऊ आहे. आमचा भार त्याला पेलवत नाही.

केवढा भार टाकला आम्ही! मांसासाठी त्याला मारले. कवचाच्या कडेची कूर्चा वाळवून चोरट्या वाटेने परदेशी विकली. मादी ज्या काठात अंडी पुरते, त्या काठची वाळू उपसून घरे बांधली, आणि त्या घरांच्या देव्हाऱ्यात तुला बसवले. नद्या जागोजागी अडवल्या. ज्या पुण्याच्या नावावर त्याची पहिली नोंद आहे, त्या पुण्याच्या मुळा-मुठेत शहराचे मैलापाणी सोडले. तीस वर्षांत ही कासवे नव्वद टक्क्यांनी घटली, असा अंदाज आहे. दहातली नऊ गेली, विठ्ठला. आता त्याचे नाव अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

तरी तू आम्हाला अगदीच टाकले नाहीस. २०२२ साली पनामात देशोदेशीचे लोक जमले आणि भारताच्या प्रस्तावावरून या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. ज्यांनी त्याची बाजू मांडली, त्यांना सुखी ठेव. जे चिखलात उतरून त्याचा माग काढतात, त्यांना बळ दे. कायदा झाला, आता तो नदीकाठापर्यंत पोचू दे.

आमचे संत सांगत आले की कासवी दुरून नुसती पाहते आणि तिच्या नजरेवर पिले वाढतात. नदीतली ही आई अंडी पुरते आणि पाण्यात परतते. पिले एकटीच उबतात, एकटीच पाण्याची वाट शोधतात. त्यांच्यावर नजर ठेवणारा तूच. नजर काढू नकोस, माउली.

डोहाला पाणी राहू दे. काठाला वाळू राहू दे. पाण्यात विष नको. अंड्यांवर कोणाचा फावडा नको.

मी लहान आहे. माझ्याने नदी स्वच्छ होणार नाही, की धरणाचे दार उघडणार नाही. पण चोरून उपसलेली वाळू माझ्या दारात उतरू नये, एवढी जाग मला दे. चुकीचे दिसेल तिथे बोलायला जीभ दे. आणि भीमेकाठी, कृष्णेकाठी, गोदाकाठी ज्या कोणाच्या जाळ्यात हे कासव सापडेल, त्याला जाळे सोडवून कासवाला परत पाण्यात सोडण्याची बुद्धी दे.